पाण्याखालची दुसरी चूल

भागूबाईंच्या दाव्याचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. राहतं घर त्यांच्या नावावर झालं.

वरची दोन वाक्यं आपण वाचलेली नाहीत. मी वकील आहे आणि आधी निकाल, मग पुरावा अशी पद्धत कुठल्याच कोर्टात नाही. तेव्हा अजून काहीही झालेलं नाही असं धरून चालू. साल पंच्याण्णव आहे, दिवाळी नुकतीच झाली आहे आणि इंदापूरच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली माझं टेबल आहे. टेबलाला तीन पाय आहेत. चौथ्या पायाचं काम लिंब करतो.

सनद मिळून मला दोन वर्षं झाली होती. घर बारामतीत, पण तिथं सगळे मला लहानपणापासून ओळखत होते, त्यामुळं कुणी काम देत नव्हतं. म्हणून रोज सकाळच्या एसटीनं इंदापूर. माझ्याकडे तीन दावे होते. त्यातला एक माझ्या सख्ख्या मामाचा होता आणि दुसरा त्याच मामावर होता.

भागूबाई आल्या त्या नातीला, प्रतिक्षाला, घेऊन. साठीच्या पुढं वय, उभा बांधा, चालणं असं की मागून दोनशे मेंढरं येत असावीत. घराणंच मेंढरांचं. प्रतिक्षा बारामतीच्या कॉलेजात अकरावीला होती. तिनं माझ्यापुढं वर्तमानपत्राचा एक तुकडा ठेवला.

"आजीला भेळ आणली होती स्टँडवरनं," ती म्हणाली. "भेळ संपल्यावर हे दिसलं."

तुकड्यावर जाहीर नोटीस होती. तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे पळसदेवच्या पुनर्वसित गावठाणातला अमुक नंबरचा प्लॉट घरासह दादासो यांजकडून आमचे अशील सर्जेराव विकत घेत आहेत; त्यावर कोणाचाही हक्क असल्यास चौदा दिवसांचे आत कळवावे, न कळविल्यास हक्क नाही असे समजण्यात येईल. 'कोणाचाही हक्क' या शब्दांवर चिंचेची चटणी सांडली होती. आज तेरावा दिवस होता.

"दादासो कोण?"

"माजं थोरलं दीर," भागूबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही कुठं राहता?"

"त्याच घरात. म्होरल्या खोल्यांत आबा, मागल्या दोन खोल्यांत मी. मधी एक भिंत हाय."

म्हणजे तमाम लोकांना कळवलं होतं. भिंतीपलीकडं कळवायचं तेवढं राहून गेलं होतं.

"तुमचं नाव काय, वकीलदादा?"

"बुद्धघोष."

भागूबाईंनी नाव मनात एकदा म्हणून पाहिलं. "लई मोठं हाय. हाक मारायला दम पायजे. बुधा म्हनलं तर चालंल का?"

मी चालेल म्हणालो. त्या दिवशी त्यांचा अर्ज मी बुधा या नावानं लिहिला आणि बुद्धघोष या नावानं सही केली.

आता थोडं मागं जाऊ. जुनं पळसदेव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा वरच्या अंगाला नवं गावठाण बसलं. पाणी यायच्या आधी एक साहेब वही घेऊन गावात आले होते. ते माणसं मोजत नव्हते, चुली मोजत होते. एक चूल म्हणजे एक कुटुंब, एका कुटुंबाला एक प्लॉट. दादासोंच्या घरापुढं साहेबांनी लिहिलं: चूल एक. प्लॉट एक, दादासोंच्या नावावर. धाकट्या भावानं, म्हणजे भागूबाईंच्या मालकांनी, जोतीरामांनी, त्याच प्लॉटवर मागं दोन खोल्या बांधल्या. बारा वर्षांपूर्वी ते गेले. खोल्या राहिल्या, नाव कागदावर आलंच नाही. आता दादासोंच्या मुलाला बारामतीत फ्लॅट घ्यायचा होता, म्हणून प्लॉट विकायला काढला होता.

"जुन्या घरात तुम्ही वेगळ्या राहत होता?"

"लगीन झालं तवापास्नं. आमचं घर येगळं, दार येगळं, चूल येगळी."

"मग साहेबांनी एकच चूल कशी लिहिली?"



"साहेब दुसरीवर बसलं हुतं," त्या म्हणाल्या.

मी पेन खाली ठेवलं.

झालं असं होतं. साहेब येणार हे आदल्या दिवशी कळलं. दोघा भावांना एकाच गोष्टीची लाज वाटली: एवढा पुण्याचा माणूस येणार आणि त्याला घर फुटलेलं दिसणार. दादासो म्हणाले, एक दिवस एकत्र दिसू. जोतीराम म्हणाले, व्हय. मग भागूबाईंनी आपली चूल मातीनं लिंपली, वरून शेणानं सारवली, त्यावर पाटा उपडा घातला, पाट्यावर नवं घोंगडं टाकलं आणि साहेबांना बसायला तीच जागा दिली, कारण घरातली तीच सगळ्यांत उबदार होती. थोरल्या जाऊबाईंच्या चुलीवर दोघींनी मिळून मटण केलं. साहेब पोटभर जेवले. ढेकर देऊन म्हणाले, असं एकोप्याचं घर तालुक्यात पाहिलं नाही. आणि वहीत लिहिलं: चूल एक.

"घरात पाव्हना बसलाय," भागूबाई म्हणाल्या. "त्येला कसं उठवायचं आन् कसं सांगायचं, साहेब, तुमी माज्या चुलीवर बसलाय म्हनून?"

यावर कायद्यात काही तरतूद नव्हती. मी पाहिली.

दावा दाखल झाला. विक्रीला मनाई मिळाली, पण ती निकालापर्यंतच. दादासोंनी कैफियत दिली की मयत जोतीराम यांना जुन्या गावी घरच नव्हते, ते वर्षभर मेंढरांमागे असत. घर एक, दार एक, चूल एक. पुढे माणुसकीच्या नात्याने प्रतिवादीने त्यांस आसरा दिला. साहेबांची चुलींची यादी त्यांच्या बाजूनं होती. थोरल्या जाऊबाई वारल्या होत्या. शेजारीपाजारी म्हणत, दोन्ही बाजूंनी आमी जेवलोय, आमाला यात वढू नका. राहता राहिला एकच साक्षीदार, ते घर. आणि ते तीस फूट पाण्याखाली होतं.

मी अर्ज दिला की कोर्टानं कमिशनर नेमून जागेची पाहणी करावी. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली की जागा पाण्यात आहे. मी म्हणालो, जागा जागेवरच आहे, पाणी नंतर आलंय. न्यायाधीश साहेबांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि अर्ज मंजूर केला. का, ते मला अजून माहीत नाही.

कमिशनर म्हणून अंजली वकील नेमल्या गेल्या. दोन्ही बाजूंशी संबंध नसलेल्या, चाळिशीच्या, अत्यंत शिस्तीच्या. जानेवारीत आम्ही सिद्धूच्या होडीतून गेलो. सिद्धू धरणात मासे धरतो. त्यानं पाण्याच्या मधोमध वल्हं थांबवलं आणि म्हणाला, "हितं." अंजली मॅडमनी होडीच्या काठावरून वाकून पाहिलं. पाहणीचा अहवाल दुसऱ्या दिवशी दाखल झाला: 'जागेवर गेले. जागा खाली होती. आम्ही वर होतो. पाणी स्वच्छ होते.'

कोर्टाच्या डायरीत प्रत्येक तारखेपुढं कारण लिहितात. 'पुराव्याकामी', 'म्हणणे देणेकामी', असं. आमच्या दाव्यापुढं शिरस्तेदारांनी लिहिलं: 'पाणी उतरणेकामी'. फेब्रुवारीत पाणी उतरलं नाही. मार्चमध्ये उतरलं, पण पुरेसं नाही. एप्रिलच्या तारखेला सगळे हजर होते, फक्त घर गैरहजर. प्रत्येक तारखेला प्लॉट घेणारे सर्जेरावही येऊन बसत. ते एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. त्यांचं म्हणणं एकच, की घर नजरेनं बघितल्याशिवाय घेऊ नये, आणि या प्रकरणात नेमकं कुठलं घर बघायचं ते त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं.

मग मे महिन्यात, एका मंगळवारी, सिद्धू सायकल मारत कोर्टात आला आणि पुकारा चालू असताना दारातूनच म्हणाला, "गाव वर आलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. दादासो, त्यांचे वकील, भागूबाई, अंजली मॅडम काळ्या कोटात आणि छत्रीसकट, सर्जेराव आणि मी. पुढं सिद्धू, कारण गाळ कुठं पाय धरतो ते त्यालाच ठाऊक.

या ठिकाणी मी काहीतरी गमतीचं सांगावं अशी अपेक्षा असेल. माझ्याकडं नव्हतं. समोर देऊळ उभं होतं. सगळंच्या सगळं, शिखरापासून पायरीपर्यंत, काळं, ओलसर, खांबांच्या नक्षीत शिंपले बसलेले. एवढी वर्षं पाण्यात उभं राहून त्याचा एक खांबही कलला नव्हता. देवळाभोवती भेगाळलेला गाळ, गाळात दगडी जोत्यांच्या रेघा, लिंबांचे बुंधे, एक जातं. वाऱ्याला माशांचा वास होता. सर्जेरावांनी टोपी काढली. मग कुणासाठी काढली ते न कळून हातातच धरून ठेवली.

भागूबाई पुढं झाल्या. चारी बाजूंना मोकळं रान होतं, कुठूनही जाता आलं असतं. त्या गल्लीतून गेल्या. गल्ली नव्हतीच. तरी त्या देवळापासून सरळ गेल्या, डावीकडं वळल्या, मग जरा अंग चोरून गेल्या, कारण तिथं पूर्वी दोन घरं जवळजवळ होती. मागोमाग दादासो, त्याच रेघेवरून, तसेच अंग चोरून. त्यांच्यामागं आम्ही सगळे, एका ओळीत.

"ह्ये सुताराचं," भागूबाई म्हणत होत्या. "हितं आड. ह्ये सोनबाचं, त्येचं कुत्रं चावायचं."

अंजली मॅडमनी तिथं जरा लांबून पाऊल टाकलं.

मग त्या थांबल्या. गाळात दगडांची एक चौकट दिसत होती, गुडघ्याएवढीही नाही.

"आलं," त्या म्हणाल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या.

"आधी प्रतिवादी दाखवतील," अंजली मॅडम म्हणाल्या. "आबा, घर तुमचं आहे म्हणता. दाखवा."

दादासोंनी वहाणा काढल्या. गाळात, कुठंच उंबरा नसताना, उंबऱ्याबाहेर काढल्या. आणि आत गेले. आवाज खणखणीत होता. "ह्यो सोपा. ही मधली खोली. हितं चूल. ही एकच चूल. हितंच रांधायचं, हितंच जेवायचं."

"आणि त्याच्या पलीकडं?"

"काय न्हाय. गोठा."

"गोठा दाखवा."

दादासो निघाले. डोक्यावर मे महिन्यातलं आभाळ, समोर वीस मैल मोकळी हवा. चार पावलं गेले आणि पाचव्या पावलाला त्यांनी मान खाली घातली. चांगली वीतभर. तशीच लववून एक पाऊल टाकलं, पलीकडं गेल्यावर परत सरळ झाले.

सिद्धूच्या तोंडातली विडी विझली.

"आबा," अंजली मॅडम म्हणाल्या, "मान का घातली खाली?"

दादासोंनी मागं वळून पाहिलं. जिथं मान लववली होती तिथं वर काहीच नव्हतं. ते त्या काहीच नसलेल्या जागेकडं बघत राहिले. त्यांचे वकील घाईनं म्हणाले, "गोठ्याचं दारही ठेंगणं असू शकतं, मॅडम, हे लिहून घ्या."

"गोठ्याचं न्हाय ओ," दादासो म्हणाले. "गप बसा जरा."

वकील गप्प बसले. फी घेतलेल्या वकिलाला अशिलानं गप्प बसवलेलं मी प्रथमच पाहिलं.

"जोतीनं दार ठेंगणं ठिवलं हुतं," दादासो म्हणाले. "म्या सांगितलं हुतं, वीतभर उंच घे. ऐकंना. म्हनला, माजी उंची तेवढीच हाय. रोज सकाळचा च्या त्येच्याकडं. रोज डोकं आपटायचं माजं. आन् रोज हसायचा."

ते खाली बसले. अंजली मॅडम छत्री काखेत धरून लिहीत होत्या. त्यांचं ते वाक्य मला पाठ आहे: 'सदर ठिकाणी दार, भिंत अथवा छप्पर यांपैकी काहीही अस्तित्वात नसताना प्रतिवादी यांनी आत जाताना मान अंदाजे एक वीत खाली घेतली.'

"चूल हितंच हाय," भागूबाई म्हणाल्या. त्यांनी जागा दाखवली आणि सिद्धूनं गाळ काढला. हातभर खाली पाटा लागला. उपडा. साहेबांचं आसन. पाटा बाजूला केला, मातीचा थर निघाला आणि खाली जमीन लाल होती. भाजलेल्या विटेसारखी लाल, गोल, परातीएवढी. वीस पावसाळ्यांचं पाणी वर उभं होतं आणि खाली त्या बाईनं रोज पेटवलेल्या जाळाचा रंग तसाच बसून राहिला होता.

अंजली मॅडमनी टेप लावला. व्यास दीड फूट. लिहिला. मग टेप गुंडाळला आणि तळहात त्या लाल मातीवर ठेवून बघितला, गरम आहे का असा. हे त्यांनी अहवालात लिहिलेलं नाही.

भागूबाईंनी काखेतलं गाठोडं सोडलं. त्यात तीन दगड, चार गोवऱ्या, काड्यापेटी, पातेलं, कपबश्या, गूळ आणि चहाची पूड होती. पुराव्याच्या यादीत यातलं काहीही नव्हतं.

"तुम्हाला खात्री होती सापडेल म्हणून?" मी विचारलं.

"न्हाय बा," त्या म्हणाल्या. "च्या कुटंबी झाला असता."

त्यांनी तिथंच, त्याच लाल वर्तुळावर दगड मांडले आणि जाळ केला. धरणाच्या तळातून धूर निघाला. लांब काठावर मासे निवडणारी माणसं उभी राहिली आणि बघू लागली. ज्या घराला भिंती नव्हत्या त्या घरात आम्ही बसलो होतो, पण कुणीही भिंतीतून ये-जा केली नाही. पहिला कप भागूबाईंनी दिराला दिला.

"घ्या आबा."

दादासोंनी बशीत ओतला, एक घोट घेतला. "जोती गूळ कमी घालायचा."

"त्ये हात आखडत हुते," भागूबाई म्हणाल्या. "मी न्हाय."

दादासो हसले, तसे हसता हसताच त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. सर्जेराव इकडंतिकडं बघत होते. शेवटी न राहवून माझ्या कानाशी म्हणाले, "जागा हवेशीर हाय. ही पण इकायची हाय का?"

पुढच्या तारखेला दादासोंनी तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी कबुली, दिली. मागच्या दोन खोल्या आणि निम्मा प्लॉट भागूबाईंचा. न्यायाधीश साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढला. मग हुकूम केला. त्या दिवशी कोर्टातून बाहेर पडताना शिरस्तेदार दारात किंचित वाकले. आमच्या कोर्टाचं दार नऊ फुटी आहे. त्यांच्यामागं मीही वाकलो.

सर्जेरावांनी पुढचा निम्मा भाग घेतला. खरेदीखतात चारी बाजूंच्या हद्दी लिहितात, तिथं प्रतिक्षानं आजीला बोट लावून वाचून दाखवलं: पश्चिमेस, भागूबाई यांची मिळकत. भागूबाईंनी त्या अक्षरांवरून हात फिरवला. मिळकतीच्या कागदावर नाव येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, तीही दुसऱ्याच्या कागदावर.

मग पाऊस झाला आणि ऑगस्टात गाव परत खाली गेलं.

सप्टेंबरात भागूबाई माझ्या टेबलाशी आल्या. काम संपलं होतं, तरी आल्या. लिंबाला हात लावून उभ्या राहिल्या.

"बुधा, एक अर्ज लिवायचा हाय."

"कुणाला?"

"पान्याचं कुनाला लिवत्यात?"

"धरणाचे साहेब असतात."

"मग त्यास्नी." जरा थांबून म्हणाल्या, "त्या दिशी म्या चूल लिंपली ना, तवा तिला सांगितलं हुतं, आजचा दिस गप बस, उद्या पेटवते. दुसऱ्या दिशी गाव उठवायचा हुकूम आला, त्येचा उद्या काय आला न्हाय. आबाबी म्हनत हुते, च्या तितंच ग्वाड लागतो."

मी सांगितलं की असा अर्ज मंजूर होत नाही. त्या म्हणाल्या, पान्यातलं घर बघाया मिळत न्हाय आसंबी तुमी सुरवातीला म्हनला हुता. मी तसं म्हणालो नव्हतो. समोरचे वकील म्हणाले होते. पण वाद घातला नाही, कागद घेतला आणि त्या सांगतील तसं, फक्त कार्यालयीन भाषेत, लिहिलं. आवक क्रमांकासह पोच मिळाली आहे. अर्ज खालीलप्रमाणे:

मा. कार्यकारी अभियंता साहेब यांचे सेवेशी,

अर्जदार भागूबाई जोतीराम, राहणार पळसदेव, तालुका इंदापूर, सविनय अर्ज सादर करते की, अर्जदाराची चूल आपल्या ताब्यातील पाण्याखाली असून तिच्या हद्दी येणेप्रमाणे: पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी, उत्तरेस पाणी, दक्षिणेस थोरल्या दिरांची चूल. सदर चूल साहेबांच्या सोयीसाठी एक दिवसाकरिता बंद ठेवली होती, ती मुदत संपलेली आहे. सबब विनंती की, दर वर्षी वैशाखातील एका बुधवारी सकाळी आठ ते अकरा या वेळेत धरणाचे पाणी बाजूला घेण्यात यावे, म्हणजे अर्जदार व तिचे थोरले दीर यांस चहा घेता येईल. पाणी परत सोडताना सावकाश सोडावे. दार ठेंगणे आहे, तरी पाण्याने आत येताना वाकून यावे, असे आपले स्तरावरून त्यास लेखी कळविण्यात यावे, ही विनंती.